चौदा अक्षरांचे कुलूप आणि ताणकाट्याची साक्ष

१/ रद्दीवाला दारात येतो, वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधतो, ताणकाट्याच्या आकड्याला अडकवतो आणि काटा उचलून धरतो. सुई सरकते, थांबते. तो आकडा सांगतो, आपण मान डोलावतो. त्या काट्याच्या पोटात एक साधी स्प्रिंग असते. ती किती लांबली, यावरून गठ्ठा किती जड हे आपण मान्य करतो. हा विश्वास आला कोठून आणि तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा विज्ञानाच्या इतिहासाचा आहे. पण त्यातून मला जे म्हणायचे आहे, ते आपण इतिहासप्रेमी मंडळी रोज जे वाद घालतो त्यांच्याविषयी आहे.

२/ माझे मत आधीच सांगते. दावा खरा असणे आणि दावा सिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोवर दावा करणारा इतरांना तो तपासण्याची वाट खुली करून देत नाही, तोवर इतिहासाने त्याला ज्ञानाचा मान देऊ नये. रॉबर्ट हूक हे याचे उत्तम उदाहरण. कारण एकाच विषयात तो आपल्याला दोन्ही भूमिकांत भेटतो. १६७६ मध्ये आपला शोध कुलपात ठेवणारा हूक, आणि १६७८ मध्ये त्याच कुलपाची किल्ली जगाच्या हाती देणारा हूक.

३/ प्रथम त्याची ओळख. हूकचा जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावरचा. १६६२ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा प्रयोगप्रमुख होता. बैठकांत सभासदांपुढे प्रयोग करून दाखवणे हे त्याचे काम. १६६५ मध्ये त्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या जगाचा ग्रंथ आला. वनस्पतीच्या सूक्ष्म कप्प्यांना ‘सेल’ हे नाव त्यातलेच. १६६६ च्या प्रचंड आगीनंतर लंडन पुन्हा उभे करताना मोजणीदार म्हणून तो रस्तोरस्ती फिरला. हात आणि बुद्धी दोन्ही सतत राबवणारा, आणि आपले श्रेय कोणी पळवील या धास्तीत जगणारा माणूस.

४/ स्प्रिंगशी त्याचे नाते त्याहून जुने. तरुणपणी तो रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक होता आणि बॉइलचा प्रसिद्ध हवेचा पंप उभारण्यात त्याचा मोठा वाटा होता. दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे उलट ढकलते, हे त्या पंपाच्या प्रयोगांचे सार. १६६२ मध्ये बॉइलने हवेचा दाब आणि आकारमान यांचे कोष्टक छापले. त्या कोष्टकात प्रत्यक्ष मोजलेला दाब एका रकान्यात आहे आणि नियमाप्रमाणे जो यायला हवा तो शेजारच्या रकान्यात. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि बॉइलने ती तफावत झाकली नाही. हे कोष्टक लक्षात ठेवा; पुढे त्याचे काम पडेल.

५/ आता घड्याळे. १६५६ मध्ये ख्रिस्तिआन हायगेन्सने लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. पण हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचा काय उपयोग? भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहोत हे कळण्यासाठी अचूक वेळ हवी होती. लंबकाऐवजी एखाद्या लहान चक्राला स्प्रिंगने झुलवता आले, तर घड्याळ खिशात आणि जहाजावरही चालेल, अशी आशा होती. तेव्हा स्प्रिंगच्या स्वभावात राज्यांचा व्यापार, आरमार आणि कारागिरांचा पैसा गुंतलेला होता. हूकलाही यातून कमाईची अपेक्षा होती. त्यासाठी चाललेल्या वाटाघाटी मोडल्या आणि त्याने आपले गुपित स्वतःपाशीच ठेवले.

६/ १६७५ च्या आरंभी हायगेन्सने चक्राला जोडलेल्या सर्पिल स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले. हूक संतापला. हे आपण वर्षानुवर्षांपूर्वीच केले होते, आणि रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डनबर्ग याने आपली माहिती परदेशी पोहोचवली, असा त्याचा आरोप होता. टॉमस टॉम्पिअन या नामांकित घड्याळजीकडून त्याने घाईने स्वतःचे घड्याळ करवून घेतले आणि ते राजा दुसऱ्या चार्ल्सपुढे ठेवले. वाद मिटला नाही. हायगेन्सकडे छापील वर्णन होते. हूककडे आठवणी होत्या आणि रुसवा होता.

७/ या पार्श्वभूमीवर १६७६ मध्ये हूकने एका पुस्तिकेच्या शेवटी आपल्या काही शोधांची यादी दिली. त्यांतला एक शोध म्हणजे ‘स्थितिस्थापकतेचा खरा सिद्धान्त’. सिद्धान्त मात्र लिहिला नाही. लिहिली ती केवळ चौदा अक्षरे, वर्णानुक्रमाने: एक सी, एक ई, तीन आय, एक एन, एक ओ, तीन एस, दोन टी, दोन यू. त्यातून अर्थ काढणे वाचकाला जवळजवळ अशक्य. पुढेमागे कोणी तोच नियम मांडला, तर ‘ही पाहा माझी अक्षरे’ असे म्हणता यावे, एवढाच हेतू.

८/ न्याय्यपणे सांगायचे तर ही हूकची एकट्याची खोड नव्हती. त्या शतकात ती रीतच होती. खुद्द हायगेन्सनेही आपल्या स्प्रिंगचा शोध आधी अशाच अक्षरजुळणीत दडवून लंडनला कळवला होता. तिचा सर्वांत गमतीचा बळी योहानेस केप्लर. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीविषयीचे निरीक्षण अक्षरांत दडवून पाठवले. केप्लरने ती अक्षरे जुळवली, आणि त्याला अर्थ लागला तो मंगळाला दोन चंद्र असल्याचा! बंद दावा माणसाला फार तर तर्क करू देतो. तपासू देत नाही.

९/ १६७८ मध्ये हूकने ‘स्प्रिंगविषयी’ म्हणून ओळखली जाणारी पुस्तिका छापली आणि कुलूप उघडले. चौदा अक्षरांचे लॅटिन वाक्य निघाले: ‘उट टेन्सिओ, सिक विस’. जितके ताणणे, तितके बल. हा शोध आपल्याला १८ वर्षांपूर्वीच लागला होता, असेही त्याने तेथे सांगितले. म्हणजे साल १६६०. लोकप्रिय लेखनात हेच साल बिनदिक्कत दिले जाते. मला ते पटत नाही. १६६० हे हूकने स्वतःविषयी केलेले विधान आहे; १६७८ हा पुरावा आहे.

१०/ पुरावा का? कारण येथे तो कृती सांगतो. २०, ३० किंवा ४० फूट लांबीची तार घ्या. तिचे वरचे टोक खिळ्याला बांधा, खालच्या टोकाला तराजूचे पारडे अडकवा. पारड्याचे जमिनीपासूनचे अंतर मोजा. वजने घाला, पुन्हा मोजा, आणि लांबीतील वाढ व वजन यांचे गुणोत्तर पडताळून पाहा. तारेची गुंडाळी करून स्प्रिंग केली, घड्याळातली सर्पिल स्प्रिंग घेतली, एका टोकाला घट्ट धरलेली सुकी लाकडी पट्टी वाकवली, तरी हाच नियम. यात राजाचा दाखला नाही, स्वतःच्या प्रामाणिकपणाची शपथ नाही. आहे ते इतकेच: तुम्ही करून पाहा.

११/ आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक स्प्रिंगला तिची स्वतःची ताठरता असते. एक मीटर लांबवण्यासाठी किती न्यूटन बल लागेल, हा आकडा म्हणजे ताठरता. हूककडे न्यूटन हे एकक नव्हते. ते असणे शक्यही नव्हते. त्याच्याकडे औंस होते, इंच होते, आणि वाढत्या वजनाबरोबर लांबी समप्रमाणात वाढते हे पाहण्याची दृष्टी होती.

१२/ हूकचा नियम शाळेत सर्वांना भेटतो. पण त्याच पुस्तिकेतली पुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. ताणलेली स्प्रिंग सोडली की ती परतताना एकूण किती जोर देते? हूकने तो टप्प्याटप्प्याने जोडला. दोन घरे ताणलेली स्प्रिंग परतताना पहिल्या घरात ३ आणि दुसऱ्यात १, असे ४ भाग जोर देते. तीन घरे ताणली, तर ५, ३ आणि १, असे ९. दहा घरे ताणली, तर १९ पासून १ पर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज, म्हणजे १००. ताण दुप्पट, तर साठा चौपट. ताण दहापट, तर साठा शंभरपट.

१३/ आज याला आपण साठलेली ऊर्जा म्हणतो. आडव्या अक्षावर लांबीतील वाढ आणि उभ्या अक्षावर बल घेऊन आलेख काढला, तर रेषेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे ती ऊर्जा: ताठरता गुणिले वाढीचा वर्ग, भागिले दोन. भौतिकशास्त्रात ‘ऊर्जा’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी हूक या वर्गापर्यंत पोहोचला होता. त्याला शब्द सापडला नव्हता. बेरीज सापडली होती.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थिनीला एवढे वाचून गप्प बसता आले असते. पण मला एक विचार सुचला. पानिपतची लढाई मी पुन्हा घडवू शकत नाही. तिच्याविषयी पत्रे आणि बखरी जे सांगतात त्यावरच मला विसंबावे लागते. हूकचा साक्षीदार मात्र आजही जिवंत आहे आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मी घट्ट वेटोळ्यांची एक स्प्रिंग विकत आणली. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणीकडून १०० ग्रॅमची खाचेची पाच वजने आणली. खिडकीच्या गजाला स्प्रिंग, मागे भिंतीला चिकटवलेली पट्टी, आणि हातात वही.

१५/ वहीतले आकडे असे. १०० ग्रॅमला स्प्रिंग १.६ सेंटिमीटर लांबली. २०० ला ५.५, ३०० ला ९.६, ४०० ला १३.७ आणि ५०० ग्रॅमला १७.६. प्रत्येक वेळी डोळे सुईच्या पातळीत आणून वाचन घेतले. वजने चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा. १०० ग्रॅमचे वजन म्हणजे सुमारे ०.९८ न्यूटन बल.

१६/ आणि पहिल्याच भागाकारात मी अडले. पहिल्या वाचनावरून ताठरता काढली: ०.९८ भागिले ०.०१६ मीटर, म्हणजे सुमारे ६१ न्यूटन प्रति मीटर. शेवटच्या वाचनावरून काढली: ४.९ भागिले ०.१७६, म्हणजे सुमारे २८. एकच स्प्रिंग, एकच संध्याकाळ, आणि दोन उत्तरांत दुपटीहून अधिक फरक. क्षणभर वाटले, हूक खोटा ठरला. पहिले वाचन चुकीचे समजून खोडून टाकावे, असाही मोह झाला. तो मोह आपल्या क्षेत्रातही ओळखीचा आहे: सिद्धान्तात न बसणारे पत्र बाजूला ठेवून द्यायचे.

१७/ खोडले नाही, आणि तेच बरे झाले. फरक पाहा: पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला वाढ ३.९, ४.१, ४.१, ३.९ सेंटिमीटर. सरासरी बरोबर ४. म्हणजे रेषा सरळच आहे. फक्त ती शून्यातून सुरू होत नाही. अशा स्प्रिंगची वेटोळी तयार होतानाच एकमेकांवर आवळून बसलेली असतात. सुमारे ६० ग्रॅमपर्यंतचे वजन ती आवळ सोडवण्यातच खर्ची पडते. लांबणे त्यानंतर सुरू होते. म्हणून ताठरता एका वाचनावरून न काढता रेषेच्या चढावरून काढायची: ०.९८ भागिले ०.०४, म्हणजे २४.५ न्यूटन प्रति मीटर.

१८/ ऊर्जेचेही तसेच. पाठ केलेल्या सूत्रात आकडे घातले, तर ०.३८ ज्यूल येते. पण ते सूत्र शून्यातून निघालेल्या रेषेसाठी आहे. माझ्या आलेखात त्रिकोणाखाली आवळीच्या बलाचा एक आयतही आहे. हूकप्रमाणे टप्प्याटप्प्याने क्षेत्रफळे जोडली: ०.०१, ०.०६, ०.१०, ०.१४ आणि ०.१७. एकूण सुमारे ०.४८ ज्यूल. एवढ्या ऊर्जेने १०० ग्रॅमचे वजन साधारण अर्धा मीटर उचलता येते. सूत्राने पाचवा हिस्सा गमावला होता. बेरजेने तो परत मिळवून दिला.

१९/ आणखी एक हिशेब. ५०० ग्रॅमचे वजन १७.६ सेंटिमीटर खाली आले, तेव्हा त्याने ०.८६ ज्यूल स्थितिज ऊर्जा सोडली. स्प्रिंगमध्ये गेली ०.४८. उरलेली ०.३८ कोठे गेली? माझ्या तळहातात. मी वजन हलके हलके खाली सोडत होते आणि हात त्याला वर तोलून धरत होता. हात काढून घेतला असता, तर हीच ऊर्जा वजनाला बराच वेळ वरखाली नाचवत राहिली असती आणि हवेच्या व धातूच्या घर्षणात हळूहळू विरली असती. हिशेब जुळला की मनाला जे समाधान मिळते, ते जमाखर्चाच्या जुन्या वह्या तपासणाऱ्यांना सांगायला नको.

२०/ येथे माझा मुद्दा पुरा होतो. हूकने केवळ चौदा अक्षरे ठेवली असती, तर मी त्याच्यावर श्रद्धा ठेवू शकले असते किंवा त्याला नाकारू शकले असते. त्याने कृती दिली, म्हणून मी त्याच्या नियमाची मर्यादाही पाहू शकले. माझ्या स्प्रिंगला त्याचे वाक्य जसेच्या तसे लागू पडत नाही. आवळ सुटल्यानंतर लागू पडते. आणि फार ताणली, तर ती मूळ लांबीवर परतणारच नाही. दावा खुला केला की तो दुरुस्त होऊ शकतो. दुरुस्त होऊ शकतो, म्हणूनच टिकतो.

२१/ यावर एक सबळ आक्षेप आहे. २००६ मध्ये रॉयल सोसायटीने हूकच्या हस्ताक्षरातले ५०० हून अधिक पानांचे बाड मिळवले. ते हॅम्पशरमधील एका घराच्या कपाटात सापडले होते. त्यात बैठकांची टिपणे आहेत आणि ओल्डनबर्गच्या नोंदींतून हूकने उतरवून घेतलेले, चिडक्या शेऱ्यांनी भरलेले भागही आहेत. घड्याळाच्या स्प्रिंगबाबत या बाडाने हूकची बाजू बळकट केली, असे अभ्यासक मानतात. मग त्याच्या शब्दावर आपण आधीच विश्वास ठेवायला नको होता का?

२२/ माझे उत्तर: नाही. घड्याळात स्प्रिंग बसवणे हा एक दावा, आणि ताण व बल यांचे प्रमाण मोजून सिद्ध करणे हा दुसरा. पहिल्याला आधार मिळाला, म्हणून दुसऱ्याचे साल आपोआप १६६० होत नाही. शिवाय हूकला न्याय मिळाला तो कागद उजेडात आल्यावर. कपाटात होते तोवर ते कागद खरे होते, पण निरुपयोगी होते. या बाडाची गोष्ट माझ्या मताला छेद देत नाही. उलट दुजोरा देते.

२३/ हूकच्याच बाबतीत समाजमाध्यमांवर दुसरी एक कथा फिरते: न्यूटनने वैरापोटी हूकचे चित्र नष्ट करवले. हूकचे खात्रीचे समकालीन चित्र उपलब्ध नाही, हे खरे. दोघांचे वैर होते, हेही खरे. पण न्यूटनने चित्र नष्ट केले याचा थेट पुरावा नाही. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक तर्क ठेवायचा आणि तिन्ही एकाच सुरात सांगायच्या, हा आपल्या धाग्यांचाही नित्याचा दोष आहे. ‘माझ्याकडे कागद आहेत, वेळ आली की दाखवीन’ हे वाक्य आपण किती वेळा वाचतो! ती चौदा अक्षरेच आहेत. फक्त लॅटिन नाहीत.

२४/ आपल्याकडे याहून चांगला वारसा आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली; एकूण २२ खंड. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी नाकारले. नाकारता आले, कारण मूळ पत्रे राजवाड्यांनीच सर्वांसमोर ठेवली होती. बॉइलच्या कोष्टकातले न जुळणारे आकडे आणि राजवाड्यांनी छापलेली पत्रे, दोन्हींमागची वृत्ती मला एकच वाटते: माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे पाहा.

२५/ म्हणून वाचकहो, दोन विनंत्या. एक: पुढच्या वेळी कोणी इतिहासातला मोठा दावा केला, तर ‘खरे की खोटे’ हे विचारण्याआधी ‘तपासायचे कसे’ हे विचारा. मलाही विचारा. दुसरी: एक स्प्रिंग आणा, पाच वजने लावा, पाच वाचने लिहा आणि एकही खोडू नका. तुमची रेषा शून्यातून निघते की माझ्यासारखी थोडी वरून, ते येथे खाली कळवा. आकडे जुळले नाहीत, तर अवश्य कळवा. त्यातूनच पुढचा धागा निघेल.